बहात्तर पटींनी लहान

मे महिन्यातली दुपार, नागपूरच्या जरीपटक्यातली वरच्या मजल्यावरची खोली, खिडकीत घरघरणारा कूलर आणि मी फरशीवर पालथा. मिग-२१च्या नाकापुढची नळी शोधत होतो. खऱ्या विमानात ती समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेते आणि त्यावरून वेग कळतो. माझ्या किटमधली नळी आगकाडीहून बारीक. कटरचा धक्का लागला आणि कुठे उडाली, देव जाणे. शेवटी औषधाच्या दुकानातून इंजेक्शनची सुई आणली, टोक कानशीनं घासून बोथट केलं आणि नाकात बसवली. मूळ नळीपेक्षा झकास दिसते.

हे विमान १९६३ साली आपल्या हवाई दलात आलं, पुढे नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात बनू लागलं आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निवृत्त झालं. विमानं धडधाकट ठेवणाऱ्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आमच्या नागपुरातच, वायुसेना नगरात. तिथली माणसं खरी विमानं सांभाळतात. मी दहा सेंटिमीटर पंखांचं सांभाळतो.

किटचं माप १:७२. असला विचित्र आकडा का? सहा फूट म्हणजे बहात्तर इंच, म्हणून सहा फुटी वैमानिक इथे बरोबर एक इंचाचा होतो. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीनं १९५३ मध्ये स्पिटफायरचं किट याच मापात काढलं होतं. पण आकड्याची खरी गंमत पुढे आहे. लांबी बहात्तर पट घटली की पृष्ठभाग ५,१८४ पट घटतो आणि घनफळ ३,७३,२४८ पट. त्या हिशेबानं साडेपाच-सहा टनांचं रिकामं मिग पंधरा-सोळा ग्रॅमचं व्हायला हवं. म्हणजे पोहे खायचा चमचा त्याहून जड! प्लॅस्टिकचं विमान आतून पोकळ असतं, खऱ्याचा तोल त्याला ठाऊक नसतो, त्यामुळे ते चाकांवर उभं करताच शेपटीवर बसतं. म्हणून अंग बंद करण्याआधी नाकात सायकलचे छर्रे भरायचे.

अंग बंद करणारा तो ‘गोंद’ खरं तर गोंदच नाही. फेविकॉल दोन वस्तूंच्या मधे बसून त्यांना धरून ठेवतो. हा पातळ द्रव प्लॅस्टिकलाच विरघळवतो. पॉलिस्टायरीनचे रेणू म्हणजे लांबलचक शेवया. दोन्ही कडांवरच्या शेवया सैल होतात, एकमेकींत गुंततात आणि मग द्रव उडून जातो. उरतो एकसंध तुकडा. ब्रशचं टोक फटीला नुसतं टेकवलं की द्रव आपणहून आत धावतो, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसा. मी हे शेकडो वेळा पाहिलंय. अजून दर वेळी हात थांबतो.

रंग मात्र आपला हट्ट सोडत नाही. ब्रशनं दिलेला थर मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याएवढा धरला, तरी खऱ्या विमानाच्या मापात तो साडेतीन मिलिमीटरचं लिंपण होतो. म्हणून रंग पातळ करून एअरब्रशनं फवारायचा. त्यात आमचा उन्हाळा! पंचेचाळीस अंशांत ॲक्रिलिकचे थेंब विमानापर्यंत पोचायच्या आतच वाळतात आणि अंग रव्यासारखं खरखरीत होतं. कूलर लावून लॅकर फवारावा, तर द्रव उडताना पृष्ठभाग थंड पडतो, कूलरच्या दमट हवेतलं पाणी त्यावर जमतं आणि राखाडी रंगावर दुधी साय येते. त्यामुळे माझं रंगकाम पहाटे पाचला, कूलर बंद करून, खिडकी उघडी ठेवून.

शेवटी निशाणं. जरीपटका हे मराठ्यांच्या झेंड्याचं नाव, तेव्हा निशाण वाकडं लागलेलं इथे शोभायचं नाही. हवाई दलाचं केशरी-पांढरं-हिरवं वर्तुळ पाण्यात बुडवलं की कागदावरची खळ सुटते आणि ते अलगद सरकतं. पण त्याआधी चकचकीत वार्निश हवं. खरखरीत रंगावर निशाणाखाली हवेचे बुडबुडे अडकतात आणि ते चंदेरी चमकत राहतात.

भाचा आला, विमान हातात घेतलं आणि पहिलाच प्रश्न टाकला.

“मामा, हे काहून उडत नाही?”

“इंजिन नाही ना बाप्पा. आणि सगळं लहान केलं तरी हवा कुठे लहान झाली? एवढ्याशा पंखाला ती आपल्यापेक्षा घट्ट लागते, पाकासारखी.”

त्याला ते पटलं नाही. तो कूलरसमोर गेला, दोन बोटांनी पोट धरून नाक किंचित वर केलं आणि तसाच उभा राहिला.

“मामा,” तो वळून न पाहता म्हणाला, “हे हलकं होऊन राहिलं!”