हार्ट अटॅकनंतर जाळं परत कधी हाती घ्यायचं?



अटॅक आला, आदिलाबादच्या रिम्सला नेलं, पुढं मोठ्या दवाखान्यात स्टेंट बसला, माणूस घरी आला. छाती दुखत नाही म्हणून पंधरा दिवसांत तो होडीकडं निघतो. इथंच आपण चुकतो. अटॅकमध्ये रक्त न मिळाल्यानं हृदयाचा काही भाग मरतो. ती जखम भरायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. दुखणं थांबलं तरी आतली जखम कच्चीच असते.

या काळात घरच्यांनी काय बघायचं?

पायावर सूज, आडवं झालं की दम लागणं, २-३ दिवसांत २ किलो वजन वाढणं. म्हणजे हृदय कमजोर पडून अंगात पाणी साठतंय. लगेच डॉक्टरांना दाखवा. धडधड होऊन चक्कर आली, शुद्ध हरपली, तर थांबू नका, १०८ ला फोन करा.

गोळ्या बंद करू नका. स्टेंटनंतर रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या बहुतेकांना वर्षभर असतात. मध्येच सोडल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन दुसरा अटॅक येतो. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. मासळीचा काटा लागून रक्त आलं तर स्वच्छ कापडानं १० मिनिटं दाबून धरा. संडास काळी झाली तर दवाखाना गाठा. अंगदुखीची गोळी, सुई मनानं घेऊ नका. त्यातल्या बऱ्याच हृदयाला घातक असतात.

काम कसं सुरू करायचं? आधी सपाट रस्त्यावर ५-१० मिनिटं चालायचं, मग हळूहळू अर्धा तास. चालताना बोलता आलं पाहिजे. भरलेलं जाळं ओढणं, होडी ढकलणं, बर्फाची पेटी उचलणं हे डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्यावरच. तोवर ओढायचं काम जोडीदारांनी करावं, त्यानं काठावर मासळी निवडावी, हिशोब बघावा. नंतरही सातनाला धरणात किंवा पैनगंगेत एकट्यानं उतरू नये. मधोमध दुखायला लागलं तर मदत येईस्तोवर उशीर होतो.

बिडी, तंबाखू, गुटखा, दारू बंद. ताजी मासळी कमी तेलात खुशाल खा, पण सुकी मासळी आणि लोणचं नको, त्यात मीठ फार.

परत छातीत दुखलं तर बसा, डॉक्टरांनी दिलेली जिभेखालची गोळी ठेवा. ५ मिनिटांत थांबलं नाही तर १०८.

खर्चाचं म्हणाल तर आरोग्यश्रीत कुटुंबाला वर्षाला १० लाखांपर्यंत उपचार मिळतात. कार्ड घरात हाताशी ठेवा.

माणूस चिडचिडा झाला, गप्प बसला, तर रागावू नका. अटॅकनंतर मन खचतं. तेही डॉक्टरांना सांगा.

आपल्या गावातल्या सगळ्या सभासदांना हे वाचून दाखवा.