इंजिनाचा उच्छ्वास

मोटारीच्या इंजिनात पेट्रोल जळतं आणि धूर सायलेन्सरमधून मागे निघून जातो, एवढं आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. पण इंजिनाला आणखी एक तोंड असतं. ते बॉनेटखाली असतं, बोटभर जाडीच्या रबरी नळीचं असतं आणि गाडी दहा वर्षं वापरणाऱ्या माणसालाही बहुधा माहीत नसतं. गॅरेजवाले त्याला 'ब्रीदर' म्हणतात. म्हणजे श्वास घेणारा. खरं तर ही नळी श्वास घेत नाही, सोडते. आज बोलायचं आहे ते या नळीबद्दल आणि हल्ली हौशी लोक ती मध्येच कापून तिच्यात जो एक डबा बसवतात, त्याबद्दल. त्या डब्याला 'ऑइल कॅच कॅन' म्हणतात. आपण तेलाचा डबा म्हणू.

कविता लिहिणाऱ्या माणसाला हा विषय कसा सुचला, असं तुम्ही विचाराल. आमच्या महाडहून दक्षिणेला निघालं की वीसेक किलोमीटरवर पोलादपूर लागतं. तिथून सरळ गेलात तर कशेडी, डावीकडे वळलात तर आंबेनळी घाटातून प्रतापगडाच्या पायथ्याचं वाडा-कुंभरोशी आणि मग महाबळेश्वर. चाळीसेक किलोमीटरमध्ये गाडी जवळजवळ समुद्रसपाटीवरून सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर जाते. इंजिनाची छाती तपासायची असेल तर याहून चांगला दवाखाना नाही. २०२३ पासून कशेडीचा बोगदा खुला होऊ लागला आणि त्या बाजूची चढण टळली, पण आंबेनळीला बोगदा नाही. रविवारी सकाळी मुंबई-पुण्याची पोरं आपापल्या स्पोर्ट्स गाड्या घेऊन या वळणांवर येतात. पोलादपूरच्या नाक्यावर चहाला थांबतात, बॉनेट उघडतात आणि एकमेकांना आपापले डबे दाखवतात. माझा भाचा त्यांच्यात सामील झाला, तेव्हा हा डबा आमच्या घरात शिरला.

आता मूळ गोष्ट. पिस्टन बोअरमध्ये वर-खाली होतो. त्याच्या अंगावर रिंगा असतात, आणि वर पेट्रोलचा भडका उडाला की तो दाब खाली जाऊ न देणं हे त्यांचं काम. पण लोखंडाला गरम झाल्यावर फुगायला जागा लागते, म्हणून रिंगेला बारीकशी फट ठेवावीच लागते. त्या फटीतून प्रत्येक भडक्याला थोडा वायू खाली निसटतो. नव्या कोऱ्या इंजिनातही निसटतो. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते, काजळी असते. खाली चेंबरमध्ये गरम ऑइल उसळत असतं, त्याचे बारीक तुषार या वायूत मिसळतात. आमच्याकडचे मिस्त्री याला 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. इंग्रजी पुस्तकात शब्द वेगळा आहे, पण मला हाच आवडतो. कशाचं काय होतंय ते त्यात नीट कळतं.

हा वायू कोंडून ठेवला तर दाब वाढतो आणि ऑइल सीलमधून बाहेर यायला लागतं. म्हणून त्याला वाट द्यावी लागते. जुन्या काळी ती अगदी सोपी होती. इंजिनातून एक नळी काढायची आणि गाडीखाली मोकळी सोडायची. पण लॉस एंजेलिसच्या आकाशात धुरकं दाटू लागलं. तिथल्या आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात दाखवून दिलं की, मोटारींच्या वायूंवर ऊन पडून हे धुरकं तयार होतं. मग नुसता सायलेन्सरच नाही, तर ही खालची नळीही गुन्हेगार ठरली. १९६१ पासून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत ती बंद करून तिचं तोंड इंजिनाच्या हवा ओढणाऱ्या मार्गाला जोडलं जाऊ लागलं. मध्ये एक झडप. सोडलेला श्वास पुन्हा इंजिनाच्याच पोटात जायचा आणि जळून जायचा. गाडीच्या प्रदूषणावर केलेला हा पहिल्या उपायांपैकी एक, आणि माझ्या मते सगळ्यांत साधा. आज आपल्याकडेही नियम असा आहे की, पेट्रोल गाडीच्या या वाटेने बाहेरच्या हवेत काहीच जाता कामा नये. थोडं नाही, काहीच नाही.

मग अडचण कुठे आली? पूर्वी पेट्रोलचा फवारा आत जाणाऱ्या व्हॉल्व्हच्या पाठीवर पडायचा. श्वासाबरोबर आलेलं ऑइल तिथे चिकटलं तरी पेट्रोल त्याला धुऊन काढायचं. गेल्या काही वर्षांत टर्बो लावलेली छोटी पेट्रोल इंजिनं आली आणि त्यांतल्या पुष्कळांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये मारलं जातं. ताकद वाढली, पेट्रोल वाचलं, पण व्हॉल्व्हची आंघोळ बंद झाली. ऑइलचा थर तापून तिथे कोळसा बसतो. तो काढायला परदेशांत अक्रोडाच्या टरफलांचा भरड भुगा दाबाने मारतात. टरफल कोळसा खरवडतं, पण धातूला ओरखडा पाडत नाही. आपल्याकडेही मोठ्या शहरांत हे काम होऊ लागलं आहे. काही कंपन्यांनी दोन्हीकडे फवारे ठेवून यावर तोड काढली. दुसरा तोटा टर्बोवाल्यांचा. ऑइलचे तुषार इंटरकूलरच्या आत थर धरतात. शिवाय पेट्रोलबरोबर ऑइल जळलं की इंजिन खडखडण्याची शक्यता वाढते. चढावर, पूर्ण जोर लावलेला असताना ही खडखड पिस्टनच्या जिवावर बेतू शकते.

शर्यतीच्या गाड्यांचं कारण आणखी वेगळं. सतत डावी-उजवी वळणं घेताना ऑइल एका बाजूला लोटलं जातं आणि हेडमधून थेट ब्रीदरमध्ये शिरतं. ते नळीतून ट्रॅकवर सांडलं तर मागच्या गाडीचं चाक घसरलंच. म्हणून जगातल्या मोटारशर्यतींचं नियमन करणाऱ्या एफआयएने पुष्कळ प्रकारच्या स्पर्धांसाठी नियमच केला : ब्रीदर उघडा असेल तर डबा हवाच. दोन हजार सीसीपर्यंतच्या इंजिनाला किमान दोन लिटरचा, त्यावर तीन लिटरचा. आणि आतलं तेल बाहेरून दिसलं पाहिजे. म्हणजे हा डबा मुळात इंजिनाच्या भल्यासाठी नव्हता, मागून येणाऱ्याच्या जिवासाठी होता.

आपल्या मुलखातल्या स्पोर्ट्स गाड्या म्हणाल तर दोनच नावं मला पटकन आठवतात. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म, दोन माणसांची, उघड्या छपराची. तिचं रेनॉचं इंजिन साधं, बाराशे सीसीच्या आतलं, टर्बो नसलेलं. तिला या डब्याची काही गरज नव्हती. दुसरी डीसी अवंती. ती २०१२ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. तिच्यात दोन लिटरचं टर्बो इंजिन आणि तेही सीटच्या मागे. दोन्ही आता बनत नाहीत. आंबेनळीत जी गर्दी दिसते ती बहुतेक रोजच्या वापराच्या, पण टर्बो लावलेल्या गाड्यांची.

भाच्याने डबा मागवला होता. चकचकीत, निळ्या रंगाचा, वर शंकूसारखा छोटा फिल्टर. तो घेऊन आम्ही पोलादपूरच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. आयुष्यभर डिझेल जीपगाड्यांची इंजिनं उतरवलेला माणूस. त्यांनी डबा हातात घेतला, झाकण फिरवून उघडलं आणि आत बोट घातलं.

"रिकामा आहे हा," ते म्हणाले.

"मामू, रिकामाच असणार ना! तेल नंतर जमा होणार," भाचा मला हळूच म्हणाला.

"पोरा, तेलाने नाही, आतून रिकामा. मध्ये पडदा नाही, जाळी नाही. वाफ एका भोकातून आत येईल नि दुसऱ्या भोकातून बाहेर जाईल. हिला अडवणार कोण?"

सगळी मेख इथेच आहे. डब्याचं काम साठवण्याचं नंतर, वेगळं करण्याचं आधी. आत आडवे पडदे लागतात, बारीक तारेची जाळी लागते. वायू त्यांच्यातून वळणं घेत गेला की तुषार धातूला चिकटतात, एकत्र येतात आणि थेंब होऊन खाली गळतात. उकळत्या भातावरच्या झाकणाला आतून पाणी धरतं, तोच प्रकार. म्हणून डबा इंजिनाच्या गरम अंगापासून दूर, थंड जागी लावायचा. बाजारात नुसत्या पोकळ डब्यांचा सुळसुळाट आहे. दिसायला तसेच, किंमत कमी आणि उपयोग जवळजवळ नाही.

दुसरा आक्षेप त्यांनी त्या शंकूवर घेतला. तो ठेवला की वायू परत इंजिनात न जाता मोकळ्या हवेत सुटतो. म्हणजे साठ वर्षांपूर्वीची नळी पुन्हा आली. पीयूसीवाला फक्त सायलेन्सरला नळी लावतो, त्याला हे कळणार नाही. पण नियमात ते बसत नाही, आणि गाडीच्या आत ऑइलचा वास कोंडतो तो वेगळाच. शिवाय नव्या गाड्यांचा संगणक आत येणारी हवा मोजत असतो. मूळ नळी काढून तिचं भोक नीट बुजवलं नाही तर न मोजलेली हवा आत शिरते आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो.

भाच्याने डबा बदलून आणला, पडदे-जाळीचा, शंकूशिवाय. मग बसवण्याचं काम. टर्बो इंजिनाचा श्वास दोन वाटांनी जातो, हे मला त्या दिवशी कळलं. पाय उचललेला असतो, उतार असतो, तेव्हा इनटेक मॅनिफोल्डमध्ये पोकळी तयार होते आणि ती झडपेतून वायू ओढून घेते. चढावर जोर लावला की टर्बो त्याच मॅनिफोल्डमध्ये हवा दाबून भरतो. झडप बंद होते आणि वायू दुसऱ्या नळीने, टर्बोच्या अलीकडे जातो. बॅक कॉम्प्रेशन सर्वांत जास्त तेव्हाच असतं. डबा फक्त पहिल्या वाटेवर लावला तर नेमका घाट चढतानाचा माल निसटतो. पुष्कळ जण हेच करून मोकळे होतात. आम्ही दोन्ही वाटा दोन तोंडांच्या डब्यात आणल्या. मिस्त्रींनी प्रत्येक वाटेवर एकाच दिशेने उघडणारी झडप ठेवली, नाहीतर टर्बोचा दाब उलटा चेंबरमध्ये गेला असता.

नळी ऑइल सोसणारी हवी. पाण्याची नळी पोकळीने आत चपटी होते. नळीला कुठेही झोळ ठेवायचा नाही. झोळात पाणी साठतं, आणि हिवाळ्यात महाबळेश्वरला पहाटे ते गोठलं तर श्वास कोंडणार. जाळी चोंदली तरी तेच. कोंडलेलं इंजिन सील फोडून श्वास घेतं. म्हणजे ज्या डब्याने इंजिन वाचवायचं, तोच दुर्लक्ष केलं तर त्याला मारतो.

डिझेलची गोष्ट याहून भयंकर. रिंगा संपलेल्या जुन्या गाडीचा ब्रीदर हवेच्या मार्गात ऑइल ओतू लागला तर डिझेल इंजिन त्या ऑइलवरच चालायला लागतं. पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते, ती बंद केली की संपलं. डिझेलला ठिणगी लागतच नाही. मिस्त्रींनी घाटातली अशी एक जीप सांगितली. चावी काढून हातात घेतली तरी इंजिन वाढतच चाललेलं, पांढऱ्या धुराने रस्ता दिसेनासा. त्यांनी एअर फिल्टर उपसला आणि हवेच्या तोंडावर लाकडी फळी दाबून धरली, तेव्हा ते थांबलं. हात कधीच लावायचा नाही, असं त्यांनी भाच्याला दोनदा बजावलं. गिअरची गाडी असेल तर वरचा गिअर टाकून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडायचा, इंजिन गुदमरून बंद पडतं.

मी त्यांना विचारलं, "दादा, खरं सांगा, रोजच्या गाडीला हा डबा लागतो का?"

"भाई, लागत असता तर कंपनीने दिला असता. हेडच्या झाकणात ती आपली चाळण देतेच. नोकरीवर जाणाऱ्या माणसाने वेळेवर ऑइल बदलावं. हा पोरगा घाटात गाडी पिळतो, त्याला थोडा उपयोग होईल."

'पिळतो' हे क्रियापद मी लिहून ठेवलं आहे. मला त्यांचं म्हणणं पटतं. डब्यामुळे व्हॉल्व्हवर कोळसा बसणं कमी होईल, पूर्ण थांबणार नाही, कारण त्याची आणखीही कारणं आहेत. विकणारे सांगतात तसं इंजिनाचं आयुष्य त्याने दुप्पट होत नाही. मला त्याचा खरा फायदा निराळा वाटतो. तो इंजिनाची नाडी दाखवतो. दर हजार किलोमीटरला किती तेल जमलं ते वहीत लिहून ठेवलं आणि एकदम आकडा वाढला, तर रिंगा थकल्या असं समजावं. डब्याशिवाय हे पाहायचं तर चालू इंजिनाच्या ऑइलचं झाकण उघडून धूर किती जोरात फुसफुसतो ते बघायचं, तीच जुनी रीत.

तीन आठवड्यांनी, जुलैच्या भर पावसात, भाच्याने डब्याची तळची चकती फिरवली. चहाच्या अर्ध्या पेल्याइतका ऐवज निघाला. दुधाळ, पिवळसर, पेट्रोलचा उग्र वास. भाचा घाबरला. आमच्या महाडात दुधाळ ऑइल म्हटलं की प्रत्येकाला जुलै २०२१ चा पूर आठवतो. तेव्हा पाण्यात बुडालेल्या गाड्यांच्या पट्टीवर चहासारखं ऑइल यायचं, आणि ज्यांनी न तपासता स्टार्टर मारला त्यांच्या इंजिनांचा निकाल लागला. पण इथे पट्टीवरचं ऑइल स्वच्छ होतं. डब्यातलं पाणी पुराचं नव्हतं, कुलंटचंही नव्हतं. पेट्रोल जळताना पाणी तयार होतंच, आणि भाचा रोज महाडात दोन-दोन किलोमीटरच्याच फेऱ्या मारत होता. इंजिन पुरतं तापत नाही, वाफ बाहेर पडत नाही, ती डब्यात निथळते.

तो ते गटारात ओतायला निघाला होता. महाडची गटारं सावित्रीला आणि गांधारीला मिळतात. मी त्याला बाटलीत भरायला लावलं. पोलादपूरला मिस्त्रींच्या दारात जळक्या ऑइलचं पिंप असतं, त्यात ते गेलं. मिस्त्रींनी बाटली उजेडात धरून पाहिली, हुंगली आणि म्हणाले, पावसाळाभर दर आठवड्याला उघड, दिवाळीनंतर महिन्याने चालेल.