मार्कंड्याहून कालेश्वरास पायीं

तीर्थयात्रा म्हटली कीं आपल्या मंडळींच्या डोळ्यांपुढें काशी, रामेश्वर किंवा पंढरी उभी राहते. आणि पायीं यात्रा म्हटली कीं आषाढीची वारी किंवा नर्मदेची परिक्रमा. या दोन्ही वाटांवर चालणाऱ्यासाठीं फार जुनी व्यवस्था उभी आहे. वारींत दिंडीचा तंबू असतो, सामानाची गाडी पुढें जाते व मुक्कामाचें गांव ठरलेलें असतें. नर्मदाकांठीं सदावर्तें व आश्रम आहेत, आणि परिक्रमावासी दारीं आला तर काय करावें हें तेथील लहान मुलासहि ठाऊक असतें. परंतु आपल्या महाराष्ट्राच्या अगदीं पूर्व टोंकास, गडचिरोली जिल्ह्यांत, एक वाट अशी आहे कीं जिच्या दोन्ही टोंकांस मोठीं शिवस्थानें आहेत, मधें दाट वन आहे, आणि धर्मशाळा म्हणून जवळजवळ कांहींच नाहीं. वैनगंगेच्या तीरावरील मार्कंड्यापासून आष्टी, आलापल्ली, सिरोंचा या मार्गानें गोदावरीवरील कालेश्वरापर्यंतची ही वाट होय. सुमारें दोनशें किलोमीटरांचें हें अंतर पायीं चालावयाचें झाल्यास त्याची आंखणी कशी करावी, याचा विचार आज करूं.

प्रथम, ही दोन स्थानें एकत्र कां जोडावीं, हें सांगितलें पाहिजे. चामोर्शीपासून सात-आठ किलोमीटरांवर वैनगंगा उत्तरवाहिनी होते. तेथें नदीकांठीं मार्कंडेश्वराचा जुना देवळांचा समूह आहे. तेथील शिल्पकाम इतकें दाट आहे कीं १८७० नंतरच्या दशकांत जनरल कनिंगहॅम यांनीं आपल्या पुराणवस्तु-अहवालांत त्याचें सविस्तर वर्णन केलें. मार्कंडेयाची कथा आपल्या घरोघरीं ठाऊक आहे. अल्पायुषी बालकानें शिवलिंगास मिठी मारली आणि यमास रिक्त हस्तानें परत जावें लागलें. आतां दुसऱ्या टोंकाचें कालेश्वर पाहा. तेथील मंदिरांत एकाच पीठावर दोन लिंगें आहेत. एक कालेश्वराचें, म्हणजे यमाचें, व दुसरें मुक्तेश्वराचें. जो काळ मार्कंड्यास दारांतून परतला तोच येथें शिवाशेजारीं पूजा घेत बसला आहे! या दोन स्थळांचा संबंध कोणा पुराणकारानें जोडला आहे असें आमचें म्हणणें नाहीं. पण नदीनें तो जोडला आहे. मार्कंड्याची वैनगंगा चपराळ्याजवळ वर्धेस मिळते, तेथून तिचें नांव प्राणहिता होतें, आणि ही प्राणहिता सिरोंच्यापाशीं गोदावरींत शिरते. यात्रेकरूनें पहिल्या दिवशीं ज्या पाण्यांत स्नान केलें, तेंच पाणी शेवटच्या दिवशीं त्यास कालेश्वरीं पुन्हां भेटतें. मधल्या वाटेंत मात्र नदी दूर राहते व रस्ता रानांतून जातो; नदीकांठानें चालत जाऊं, अशी कल्पना कोणीं करूं नये.

काळाचा प्रश्न सोपा आहे. पावसाळ्यांत या भागांतील नद्या रस्ते बंद पाडतात, आणि चैत्र-वैशाखांतील येथील ऊन विदर्भाबाहेरच्या माणसास सोसणारें नव्हे. माघी पौर्णिमेस मार्कंड्यास निघावें व माघ वद्य चतुर्दशीस, म्हणजे महाशिवरात्रीस, कालेश्वरास पोंचावें, हा हिशेब आम्हांस सर्वांत बरा वाटतो. रोज पंधरा-सोळा किलोमीटर चाललें तरी मधें एखादा विसाव्याचा दिवस घेतां येतो. ज्यांस यात्रेची गर्दी नको त्यांनीं मार्गशीर्ष-पौषांत निघावें. एक गोष्ट विसरूं नये: माघांत सागाची पानें झडूं लागतात, त्यामुळें एवढ्या मोठ्या वनांतून जातांनाहि डोक्यावर सांवली थोडी. उजाडतांच निघून साडेदहा-अकराच्या आंत चाल संपवावी.

खरा प्रश्न रात्रीचा आहे. इतर यात्रांत आपण देवस्थानें पाहून मुक्काम ठरवितों. या वाटेवर मुक्काम पाहून बाकी सर्व ठरवावें लागतें. चामोर्शी, आष्टी, आलापल्ली, अहेरी व सिरोंचा या ठिकाणीं कोठें सार्वजनिक बांधकाम खात्याचें, तर कोठें वनखात्याचें विश्रामगृह आहे, आणि लहानमोठीं भाड्याचीं निवासस्थानेंहि सांपडतात. परंतु सरकारी विश्रामगृहावर पहिला हक्क दौऱ्यावरील अधिकाऱ्यांचा. आगाऊ लिहून परवानगी मिळविली तरी ऐन वेळीं खोली सोडावी लागेल, असें गृहीत धरूनच दुसरी सोय पाहून ठेवावी. आष्टी ते आलापल्ली या चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांत, आणि त्याहून अधिक आलापल्ली ते सिरोंचा या सुमारें शंभर किलोमीटरांत, मुक्कामास उरतें तें म्हणजे शाळेची पडवी, ग्रामपंचायतीची खोली, आश्रमशाळेचें आवार किंवा कोणाचें तरी अंगण. यांपैकीं कांहींहि हक्कानें मिळत नाहीं. सरपंचास किंवा गुरुजींस चार दिवस आधीं निरोप जावा, किती माणसें, कोणत्या तिथीस, एवढें स्पष्ट कळवावें, आणि मंडळी पांच-सहांहून अधिक नसावी. पंधरा माणसांची टोळी न कळवितां एखाद्या वीस उंबऱ्यांच्या गांवांत सायंकाळीं उतरली, तर तें गांव भिडेखातर उपाशी राहून त्यांस जेवूं घालील. अशा यात्रेचें पुण्य कोणाच्या पदरीं पडेल, तें आम्हीं सांगावयास नको.

यावर एक तोड आहे व ती आम्हीं आवर्जून सुचवितों. आलापल्ली हें या वाटेचें मध्य ठाणें आहे. उत्तरेस आष्टीकडे, दक्षिणेस सिरोंच्याकडे, पूर्वेस एटापल्ली-भामरागडकडे येथून रस्ते फुटतात, व जवळच अहेरीस एस. टी. चें आगार आहे. तेव्हां दोन-तीन दिवस आलापल्लीसच बिऱ्हाड करावें. सकाळीं नेमाची चाल चालावी, जेथें ती संपेल तेथील खूण ध्यानांत ठेवावी, दुपारच्या गाडीनें परत यावें, आणि दुसऱ्या दिवशीं पहिल्या गाडीनें नेमक्या त्याच खुणेपाशीं उतरून पुढें चालूं लागावें. वाट तर सबंध पायांखालूनच जाते. यानें व्रतभंग होतो असें म्हणणारे शास्त्री भेटतील. त्यांस आमचें उत्तर एवढेंच कीं गरिबाच्या ओसरीवर भार टाकून पाळलेल्या व्रतापेक्षां हें बरें. गाड्या थोड्या व वेळापत्रकाबाहेरच्या असतात, म्हणून परतीची शेवटची गाडी केव्हां, हें वाहकासच विचारून घ्यावें.

आलापल्लीस राहण्याचा आणखी एक लाभ आहे. येथील सागवान इंग्रजी अमदानीपासून नांवाजलेलें आहे. अयोध्येच्या राममंदिरासाठीं २०२३ सालीं बल्लारपूरच्या आगारांतून जें लांकूड गेलें, तें याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनांतलें. गांवाजवळ ‘वनवैभव’ नांवाचा सुमारें सहा हेक्टरांचा एक तुकडा १९५३ पासून कुऱ्हाड न लावतां राखलेला असून २०१४ मध्यें त्यास जैवविविधता वारसास्थळ म्हणून मान्यता मिळाली. महाराष्ट्रांतील हें असें पहिलें स्थळ. विसाव्याचा दिवस येथें घालवावा. ज्या वृक्षांच्या खांबांवर आपले वाडे शतकभर उभे राहिले ते जिवंतपणीं कसे दिसतात, हें घरांतील मुलांनीं एकदां पाहिलेंच पाहिजे.

आतां भयाविषयीं. सामान्यतः आपल्याकडील वडील मंडळी गडचिरोलीचें नांव काढतांच नक्षलवाद्यांचें भय सांगतात. १९८० नंतर ही चळवळ तेलंगणांतून या भागांत शिरली व तिनें येथील लोकांस दोन्ही बाजूंनीं फार भोगावयास लावलें, हें खरें. अलीकडे तिचा जोर पुष्कळ ओसरला आहे. तरीहि रेपनपल्ली, जिमलगट्टा, बामणी येथील उपपोलीस ठाण्यांत आपलीं नांवें व पुढचा मुक्काम सांगूनच पुढें जावें, आणि मुख्य रस्ता सोडून आडवाटेस लागूं नये. यात्रेकरूस त्याहून अधिक जपावें लागतें तें वाघास आणि मालमोटारीस. जिल्ह्यांत वाघांची संख्या वाढली आहे व माणसांवर हल्लेहि झाले आहेत. आष्टीच्या पुढें चपराळ्याचें अभयारण्य लागतें. १९८६ मध्यें स्थापन झालेलें हें वन सुमारें १३५ चौरस किलोमीटरांचें आहे. पहांटेच्या अंधारांत व तिन्हीसांजेस चालणें, एकट्यानें मागें रेंगाळणें, झाडीआड जाऊन बसणें, हें सर्व वर्ज्य समजावें. शिवरात्रीनंतर मोहाचीं फुलें गळूं लागलीं म्हणजे अस्वलेंहि त्यांवर येतात. मालमोटारींचा प्रकार नवा आहे. एटापल्ली तालुक्यांतील सुरजागडच्या डोंगराचें लोहखनिज आलापल्ली-आष्टीच्या बाजूनें वाहूं लागल्यापासून रस्त्यावर धूळ व वर्दळ फार. समोरून येणारें वाहन दिसेल अशा उजव्या कडेनें, एकामागून एक, असें चालावें.

हिंवतापासहि हा जिल्हा कुप्रसिद्ध आहे. मच्छरदाणी हें ओझें नव्हे, औषध आहे. ती प्रत्येकाची स्वतंत्र असावी. परत आल्यावर महिन्याच्या आंत थंडी वाजून ताप आला तर, ‘आम्ही गडचिरोलीस गेलों होतों’ हें वैद्यास आधीं सांगावें.

शिदोरी घरच्या स्त्रियांवर सोंपवावी. त्या बाबतींत आम्हीं शिकवावें असें कांहीं नाहीं. पोहे, मेतकूट, गुळपापडी, खजूर, लिंबाचें लोणचें व साखर-मीठ एवढ्यांवर दोन दिवस निभतात. या प्रदेशाचें अन्न भात आहे, पोळीची अपेक्षा धरूं नये. परंतु शिदोरी कांहीं चौदा दिवस पुरत नाहीं. केव्हां तरी एखाद्या माडिया किंवा गोंड घरांतील आंबील, किंवा चुलीवरचा भात व भाजीचा रस्सा, पुढें येतोच. त्या वेळीं जो पाहुणा ‘आमचें सोंवळें आहे’ असें म्हणून पान दूर सारतो, त्यानें या वाटेस जाऊंच नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. ज्यांस मांसाहार वर्ज्य आहे त्यांनीं तें आल्याबरोबर नम्रपणें सांगावें; त्यांत कोणासहि अपमान वाटत नाहीं. अपमान होतो तो जात विचारून मग पाणी घेतल्यानें. माडिया गांवांत पाहुण्यास उतरण्यास बहुधा गोटुल देतात. तें गांवाचें सभागृह व संस्कारगृह आहे, तमाशाची जागा नव्हे. तेथें विचारल्यावांचून छायाचित्रें घेऊं नयेत. निघतांना पैसे देऊं केले तर यजमान संकोचतो, म्हणून शिधा आपण बरोबर न्यावा व सायंकाळींच घरच्या बाईच्या हातीं द्यावा: तांदूळ, डाळ, तेल, गूळ, आणि शाळेंत उतरलांत तर मुलांसाठीं वह्या-पेन्सिली.

एकत्र कुटुंबांत असा बेत निघाला कीं आजी-आजोबांचें मन प्रथम धांवतें. त्यांस नाहीं म्हणूं नये. साठी उलटलेल्यांनीं मार्कंडा ते चामोर्शी व सिरोंचा ते कालेश्वर हीं दोन टोंकें चालावीं, मधली वाट गाडीनें जाऊन आलापल्लीस मंडळींस भेटावें. घरीं राहणाऱ्या एका कर्त्या माणसाजवळ प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचें टिपण असावें. कारण आलापल्लीच्या खालीं भ्रमणध्वनि मैलोगणती मुका होतो. रोख पैसा, तोहि सुट्या नोटांत, बरोबर असावा.

सिरोंचा आलें म्हणजे भाषा पालटते. इंग्रजी अमदानींत कांहीं काळ हें अपर गोदावरी जिल्ह्याचें मुख्य ठिकाण होतें. येथें घरांत तेलुगू, कचेरींत मराठी. ‘नीळ्ळु’ म्हणजे पाणी, एवढा शब्द पाठ असला तरी निम्मी अडचण दूर होते. वर रानांत माडिया माणसास पाणी मागतांना ‘एर’ म्हणावें व भेटतांच ‘जोहार’ करावा. पूर्वीं येथून कालेश्वरास नावेनें जावें लागे. आतां गोदावरीवर पूल झाला असून पायीं पलीकडे जातां येतें. कालेश्वरास तेलंगणाच्या देवस्थान खात्याची निवासाची सोय आहे, पण शिवरात्रीस ती भरलेली असते. खोली न मिळाल्यास दर्शन घेऊन सिरोंच्यास परतावें हें उत्तम. येथील मुक्तेश्वराच्या लिंगास दोन छिद्रें आहेत, व त्यांत घातलेलें पाणी आंतल्या आंत संगमास मिळतें अशी समजूत आहे. मार्कंड्याहून वैनगंगेचें पाणी लहानशा लोटींत घेऊन निघालेल्यांनीं तें तेथें घालावें. परतीस सिरोंच्याहून आलापल्लीची गाडी धरावी, व तेथून बल्लारपूरच्या आगगाडीस जावें. सकाळची गाडी चुकल्यास तो दिवस सिरोंच्यासच काढण्याची तयारी ठेवावी.