अनाथांची ओसरी आणि फ्लॉरेन्स शहर

एखादे देखणे शहर पाहिले की ते राजांनी उभे केले असे आपण सहज म्हणून जातो. वर्गात युरोपचा इतिहास शिकविताना आम्हांलाही विद्यार्थ्यांकडून बहुधा हेच उत्तर मिळते. परंतु इटलीतील फ्लॉरेन्स शहराची हकीकत निराळी आहे, आणि एका धर्मादाय संस्थेच्या महोत्सवी अंकात ती सांगणे आम्हांस उचित वाटते.

पंधराव्या शतकाच्या आरंभी फ्लॉरेन्सला राजा नव्हता. कारभारात व्यापाऱ्यांच्या व कारागिरांच्या संघांचे वजन मोठे होते. जवळच्या प्रातो गावचा सधन व्यापारी फ्रान्चेस्को दातिनी १४१० साली वारला. टाकून दिलेल्या मुलांसाठी फ्लॉरेन्समध्ये आश्रम निघावा म्हणून त्याने मृत्युपत्रात १००० फ्लोरिन, म्हणजे तेथील सोन्याची नाणी, ठेविली होती. रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने ते कार्य अंगावर घेतले आणि १४१९ साली इमारतीचे काम फिलिप्पो ब्रुनेलेस्की याजकडे सोपविले. हा मूळचा सोनार. सोनारांचा समावेश याच संघात होत असे. शहराच्या मुख्य चर्चचा प्रचंड घुमट (१४२० ते १४३६) उभारून पुढे तो जगप्रसिद्ध झाला.

अनाथालयास चार भिंती व छप्पर एवढे पुरले असते. ब्रुनेलेस्कीने मात्र चौकाच्या बाजूस नऊ कमानींची मोकळी ओसरी बांधली. सडपातळ खांब, करडा दगड, पांढरा गिलावा, नक्षीकाम बेताचेच. तिचे सौंदर्य आहे ते मापात. खांबाची उंची, दोन खांबांतील अंतर आणि ओसरीची खोली ही तिन्ही मापे सारखी ठेविली आहेत, म्हणून पाहणाऱ्याची नजर तेथे शांत होते. प्रबोधनकालीन वास्तुकलेच्या अगदी पहिल्या इमारतींत हिची गणना होते. तो मान कोणा सरदाराच्या वाड्याला न मिळता, ज्यांना आईबापांचे नावही नव्हते अशा मुलांच्या घराला मिळाला!

५ फेब्रुवारी १४४५ रोजी आश्रमात पहिले मूल आले. ती मुलगी होती. १४८७ साली आंद्रेआ देल्ला रोब्बिया याने कमानींच्या वरच्या भागात भाजलेल्या मातीच्या, झिलई दिलेल्या गोल तबकड्या बसविल्या. प्रत्येकीत निळ्या पार्श्वभूमीवर बाळोत्यात गुंडाळलेले एक शुभ्र बालक आहे. ही वास्तू कोणासाठी आहे, हे अक्षरओळख नसलेल्यासही त्यावरून कळत असे.

आता शहर कसे घडले ते पाहा. सुमारे शंभर वर्षांनी, १५१६ साली, चौकाच्या समोरच्या बाजूस नवी इमारत बांधण्याचे ठरले, तेव्हा वास्तुकारांनी आपले निराळे चातुर्य न दाखविता ब्रुनेलेस्कीच्याच कमानींचा कित्ता गिरविला. सतराव्या शतकाच्या आरंभी चौकातील चर्चलाही तशीच ओसरी जोडली गेली. अशा रीतीने अनाथांच्या ओसरीने साऱ्या चौकाला वळण लावले.

तथापि केवळ कमानींनी मुले जगत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. आश्रमात येणाऱ्यांत मुलीच अधिक असत, आणि आलेल्यांपैकी फार मोठ्या संख्येने बालके दगावत. पैशाची ओढ वारंवार लागे. तरीही दार बंद झाले नाही. मुले गुपचूप ठेवून जाण्याची खिडकी १८७५ साली बंद झाली, पण बालकांचे काम चालूच राहिले. १९८८ साली संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीने आपले संशोधनकेंद्र याच वास्तूत सुरू केले.

दातिनीने ती ओसरी पाहिली नाही. तिची पायाभरणी होण्यापूर्वीच तो गेला होता. देणगी एकाची, जबाबदारी संघाची आणि हात कलावंताचा, असे तिघे एकत्र आले तेव्हा ते काम झाले. दानाची वस्तू आहे म्हणून ती कशीही असली तरी चालेल, असे त्यांपैकी एकानेही मानले नाही. आपल्या ट्रस्टच्या खोल्या बांधताना किंवा दुरुस्त करताना एवढे आपण ध्यानात ठेविले, तरी पुष्कळ झाले.