पितळी नळ कोण चोरतो?

बराकपूरहून बोलतोय. पलटणीतून निवृत्त झालो आणि या छावणीच्या गावातच राहिलो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गच्चीवरचे चार पितळी नळ रात्रीत गेले. टाकी रिकामी झाली, खाली दोन घरांत पाणी शिरलं. चोर सापडला तो पलीकडच्या गल्लीतला, एकोणीस वर्षांचा. थरथरत होता, नाक गळत होतं, सारख्या जांभया. मला वाटलं, घाबरलाय. "दोन फटके द्या, सुधारेल," असं मीच म्हणालो. माझी चूक झाली.

ती भीती नव्हती, टर्की होती. ब्राऊन शुगरचा, म्हणजे आपल्याकडच्या गर्दचा, अंमल उतरला की सहा ते बारा तासांत अंग मोडून येतं, पोटात कळा येतात, झोप उडते. त्या माणसाला आता मौज नको असते, फक्त हे थांबायला हवं असतं. म्हणून तो तिजोरी फोडण्याचे बेत आखत नाही. नळ, वायर, सायकल, मोबाइल, जे तासाभरात भंगारात जाईल ते उचलतो. नव्या नळांना आम्हाला हजारो लागले. त्याच्या हाती एका दिवसाची पुडी. उद्या पुन्हा तेच.

आणि पहिली चोरी बहुधा घरातच होते. त्याच्या आईनं सांगितलं, दोन वर्षांपूर्वी गॅसचा सिलिंडर गेला, मग तिच्या कानातले. त्याची तक्रार कोण करणार? सगळेच व्यसनी चोर नसतात आणि काही जण आधीपासूनच चोऱ्या करत असतात, हेही खरं.

डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, ते याच गर्दच्या लाटेत. आज ब्युप्रेनॉर्फिन नावाची गोळी आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली जिभेखाली ठेवायची. टर्की शमते, पुडीसाठीची रोजची धावाधाव थांबते. नुसत्या कोठडीनं ती थांबत नाही. उलट, काही आठवडे आत राहिल्यावर शरीराची सवय मोडते, आणि सुटल्यावर जुन्याच मात्रेनं जीव जाऊ शकतो. अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ६४-अ मुद्दाम लक्षात ठेवा: स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात खटल्यापासून सूट मिळू शकते. चोरीला मात्र ही सूट नाही. म्हणून घरातला सिलिंडर गेला, तेव्हाच डॉक्टर गाठायला हवा होता.

आम्ही तक्रार केली नाही. त्याची आई त्याला रोज सकाळी गोळीसाठी घेऊन जाते. मध्ये एकदा घसरला, पुन्हा जाऊ लागला. गच्चीवर आता प्लास्टिकचे नळ आहेत. सोसायटीनं तेवढी खबरदारी घेतलीच.