ड्रॉप-कॅशेस: ड्रायव्हरला न मिळालेला अधिकार

मार्च २००६मध्ये लिनक्स कर्नलच्या २.६.१६ या आवृत्तीबरोबर ‘ड्रॉप_कॅशेस’ नावाची एक छोटी फाइल आली. तिच्यात १ लिहिला की पेज कॅशे रिकामी होते, २ लिहिला की डेंट्री-आयनोडसारखा साठा जातो, ३ लिहिला की दोन्ही. सोय मुळात चाचणीपुरती होती. डिस्कचा खरा वेग मोजायचा तर आधी वाचलेलं मेमरीत असून चालत नाही. पण ‘फ्री’ कमांडमधला मोकळ्या मेमरीचा तुटपुंजा आकडा पाहून धास्तावलेल्यांनी ती थेट क्रॉनमध्ये घातली. मग ड्रायव्हर लिहिणारेही विचारू लागले, की हेच काम कर्नलच्या आतून एका कॉलमध्ये का होऊ नये? त्यासाठीची फंक्शन्स मॉड्यूलना एक्सपोर्ट केलेली नव्हती. अशी बंद फंक्शन्स नावावरून शोधून काढायची ‘कॅलसिम्स_लुकअप_नेम’ ही चोरवाटही २०२०मध्ये, ५.७ आवृत्तीत बुजवली गेली. हा आडमुठेपणा वाटतो खरा, पण माझ्या मते निर्णय बरोबर होता. कॅशेतली स्वच्छ पानं गरज पडताच कर्नल स्वतःच सोडवून घेतो, आणि डिस्कवर अजून न उतरलेल्या पानांना ड्रॉप-कॅशेसही हात लावत नाही. म्हणजे ड्रायव्हरच्या पदरात फारसं काही पडत नाही. इतर प्रोसेसना मात्र तोच डेटा डिस्कवरून पुन्हा वाचावा लागतो.

यावरचा वजनदार आक्षेप कॅमेरा आणि व्हिडिओ डिकोडरवाल्यांचा. त्यांना सलग मेमरी लागते, आणि कॅशे मोठी असताना ती मिळत नाही. तक्रार खरी, उपाय चुकीचा: कॅशे झटकली तर जागा सुटते, पण ती विखुरलेली. खरं उत्तर २०१०च्या कॉम्पॅक्शनने, म्हणजे पानं सरकवून मोकळी जागा सलग करण्याच्या सोयीने, आणि २०१२च्या सीएमएने दिलं. सीएमए बूट होतानाच सलग पट्टा राखून ठेवतो, एरवी तो हलवता येणाऱ्या पानांना वापरू देतो आणि ड्रायव्हरने मागितला की ती पानं दुसरीकडे हलवतो.

ड्रायव्हरच्या स्वतःच्या कॅशेचं काय? तिच्यासाठी श्रिंकर आहे. २०१३मध्ये, ३.१२ आवृत्तीत त्याचे दोन कॉलबॅक झाले: एक सोडता येण्याजोग्या वस्तू मोजतो, दुसरा त्या सोडतो. कधी आणि किती सोडायचं, हे कर्नल मेमरीचा ताण पाहून ठरवतो. गंमत म्हणजे ड्रॉप_कॅशेसमध्ये कुणी २ लिहिला तर हाच श्रिंकर बोलावला जातो, ताण असो वा नसो. निदान २०१४पासून असं लिहिणाऱ्या प्रोसेसचं नाव कर्नलच्या लॉगमध्ये उमटतं. ते नको असेल तर आकड्यात ४ मिळवावे लागतात.