नव्या आगबोटीची सागर-परीक्षा

पनवेलजवळच्या आमच्या विचुंबे गांवांतून समुद्र दिसत नाहीं. तथापि मुंबईचें बंदर फार दूर नसल्यानें जहाजांचा विषय आम्हांस परका नाहीं. नवें जहाज गोदींतून निघालें कीं लागलीच उतारू घेऊन पहिल्या सफरीस जातें, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नव्हे. तत्पूर्वीं त्यास परीक्षा द्यावी लागते.

ही परीक्षा कशी घेतात? प्रथम शांत पाण्यांत, ठाऊक असलेल्या वजनाचे ठोकळे डेकवर एका बाजूकडून दुसरीकडे सरकवितात आणि ओळंब्यावरून जहाज किती कललें तें मोजतात. कलल्यावर पुन्हां सरळ होण्याची त्याची शक्ति त्यावरून गणितानें निघते. मग खुल्या समुद्रांत वेग, नांगर व सुकाणू यांची पारख होते. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणें, जहाज पूर्ण वेगांत असतां सुकाणू एका बाजूच्या ३५ अंशांवरून दुसऱ्या बाजूच्या ३० अंशांपर्यंत २८ सेकंदांच्या आंत वळलें पाहिजे. यंत्रें उलट फिरवून जहाज किती अंतरावर थांबतें, हेंही पाहतात. आपल्या ‘विक्रान्त’ युद्धनौकेच्या अशा फेऱ्या कोचीहून ४ ऑगस्ट २०२१ रोजीं सुरू झाल्या, त्या जुलै २०२२ पर्यंत चालल्या.

‘टायटॅनिक’ची सागर-परीक्षा मात्र २ एप्रिल १९१२ रोजीं बेलफास्टजवळ एकाच दिवसांत आटोपली व तिला प्रमाणपत्रही मिळालें. १५ एप्रिलच्या पहाटें ती बुडाली. जहाजावर सुमारें २,२०० माणसें होतीं. जीवरक्षक नौकांत जागा होती १,१७८ जणांची. तत्कालीन कायदा नौकांची संख्या उतारूंवरून नव्हे, तर जहाजाच्या आकारमानावरून ठरवी. यंत्रें उत्तीर्ण झालीं. परंतु माणसांविषयींचा प्रश्न त्या परीक्षेंत विचारलाच गेला नव्हता.

आपल्याकडील उदाहरण याहून जवळचें आहे. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ आगबोट वादळांत कलंडली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. लाटेच्या आघातानें भ्यालेले उतारू एका बाजूस धांवले, असें सांगतात. गोदींत ठोकळे सरकवून जें मोजतात, तेंच येथें जिवंत माणसांच्या भारानें घडलें.

परीक्षा कोठें घ्यावी, हाही विवेक हवा. १८ डिसेंबर २०२४ रोजीं घारापुरीस जाणाऱ्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची एक वेगवान नौका आदळून पंधरा माणसें दगावलीं. त्या नौकेच्या यंत्राची तेव्हां चांचणीच चालली होती!

सारांश, एकदां मिळालेलें प्रमाणपत्र जन्मभर पुरत नाहीं. प्रत्येक फेरी ही नवी परीक्षा असते. तींत तांडेलाप्रमाणें उतारूंनाही बसावें लागतें. मुलांबाळांसह बोटीवर चढणाऱ्या गृहस्थानें जीवरक्षक जाकिटें मागून घ्यावीं, गर्दी फार असल्यास पुढच्या बोटीची वाट पाहावी, आणि लाट आली तरी जागा सोडूं नये. एवढ्या अभ्यासास पदवी लागत नाहीं.